दहा गाईंच्या गोठ्यात नवं तंत्रज्ञान: आधी काय घ्यावं, नंतर काय

कृषी प्रदर्शनात गेलं की गाईच्या गळ्यातला पट्टा, मोबाईलवर गाईचा माज (ती रेतनाला तयार असल्याची वेळ) सांगणारं ॲप, पाण्याचं बारीक धुकं सोडणारा फॉगर, मिल्किंग मशीन, मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या वैरणीच्या) बॅगा असं सगळं एकाच मंडपात मांडलेलं असतं, आणि जो तो म्हणतो की आमचंच आधी घ्या. या सगळ्यातलं कुठलं कधी घ्यायचं, एवढाच या लेखाचा विषय. डोळ्यासमोर गोठा धरला आहे तो सातारा-सांगली किंवा अहिल्यानगर-सोलापूरकडचा: आठ ते पंधरा संकरित गाई, राबायला घरचीच दोन-तीन माणसं, वैरणीला एक-दोन एकर बागायत आणि दूध गावातल्या डेअरीला. म्हशी असतील तर काही आकडे बदलतात. ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

माझी कसोटी एकच आहे. यंत्राने दाखवलेल्या आकड्यावरून उद्या तुम्ही गोठ्यात काही वेगळं करणार असाल, तरच त्या यंत्राचे पैसे वसूल होतात. ही कसोटी लावली की क्रम आपोआप लागतो: नोंद, माज, वैरण, धार, थंडावा, आणि सेन्सर सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी खरेदी याच्या बरोबर उलट्या क्रमाने होते.

पहिली पायरी: बिल्ला आणि वही

प्रत्येक गाईच्या कानात 12 अंकी पिवळा बिल्ला हवा. पशुसंवर्धन विभागाच्या भारत पशुधन प्रणालीवर त्या गाईचं रेतन, लसीकरण, उपचार सगळं याच क्रमांकावर चढतं. 2024 च्या जानेवारीत राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं, तेव्हा बिल्ला आणि ऑनलाइन नोंद नसलेल्या गाईंचे मालक धावपळ करत राहिले. विम्याचा दावा करतानाही पहिला प्रश्न बिल्ल्याचाच येतो. बिल्ला तुटला, कान फाटला, तर लगेच दवाखान्यात सांगून नवा मारून घ्या आणि जुना क्रमांक नव्याला जोडला गेला का ते मोबाईलवर बघून घ्या.

सरकारी नोंद झाली म्हणून घरची वही सुटत नाही. ॲप वापरा, एक्सेल वापरा, नाहीतर दोनशे पानी वही. प्रत्येक गाईला एक पान. त्यावर व्याल्याची तारीख, माजाच्या तारखा, भरवल्याची (कृत्रिम रेतन केल्याची) तारीख, कांडीवरचा (वळूचं वीर्य भरलेल्या बारीक नळीवरचा) वळूचा क्रमांक, गाभण तपासणीचा निकाल, आटवल्याची तारीख, आणि आठवड्यातून एकदा मोजलेलं दोन्ही वेळचं दूध. रोज मोजायला जमलं तर उत्तमच, पण आठवड्यातून एकदा नेमाने मोजलेलं दूधही पुरेसं बोलकं असतं.

वळूचा क्रमांक लिहायचा कंटाळा करू नका. तो कांडीवर छापलेला असतो. तो लिहिला नाही तर दोन-तीन वर्षांनी त्याच वळूची कालवड त्याच वळूच्या कांडीने भरवली जाते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. रेतन झालं की रिकामी कांडी मागून घ्या आणि क्रमांक उतरवा.

महिनाभर वही लिहिली की तिच्यातून एकच गोष्ट शोधायची: व्याल्याला 100 दिवस उलटून गेले तरी गाभण नाही, अशा गाई किती? दहातल्या तीन-चार निघाल्या तर तुमचा पैसा तिथे गळतो आहे. मग पुढची पायरी बाकी सगळ्याच्या आधी.

दुसरी पायरी: माज सापडला पाहिजे

गाय 21 दिवसांनी माजावर येते, दोन-तीन दिवस मागेपुढे. एक माज चुकला की तीन आठवडे गेले. त्या गाईचा रोजचा खर्च 200 रुपये धरला तरी 4,200 रुपये, आणि पुढचं वेत लांबल्याने बुडालेलं दूध वेगळंच. हा तोटा डेअरीच्या पगारात कुठे छापून येत नाही, म्हणून तो कुणाला टोचत नाही. लिटरला दोन रुपये दर कमी झाला की गावभर चर्चा होते. महिना महिना रिकामी राहिलेली गाय मात्र दावणीला मुकाट उभी असते.

गणित सरळ आहे. व्याल्यानंतर 60 ते 90 दिवसांत भरवली, 100 दिवसांच्या आत गाभण राहिली आणि 280 दिवस पोटात, तर दोन वेतांत साडेबारा महिन्यांचं अंतर पडतं. म्हशीचा गाभणकाळ 310 दिवसांच्या आसपास, शिवाय उन्हाळ्यात तिचा माज मुका, म्हणजे खुणा न दाखवणारा असतो, त्यामुळे तिच्याकडे जास्त बारकाईने पाहावं लागतं.

माज पकडायला सगळ्यात मोठं तंत्रज्ञान म्हणजे मुक्त संचार गोठा. दावणीला बांधलेली गाय दुसरीवर उडणार कशी? चारी बाजूंनी जाळी, मध्ये झाड किंवा शेड, गव्हाण आणि पाण्याचा हौद, एवढं केलं की गाई स्वतःच माज दाखवतात. दुसरी गाय अंगावर उडाली आणि ही जागची हलली नाही, तो खरा माज. काचेसारखा चिकट सोट, निरणाची सूज, हंबरणं, दूध अचानक कमी होणं या सोबतच्या खुणा. उडण्याचा बराचसा प्रकार संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चालतो, म्हणून रात्री झोपण्याआधी आणि पहाटे धारेपूर्वी वीस-वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघा. मोबाईल खिशात ठेवून.

दुसरा स्वस्त उपाय: शेपटीच्या मुळाशी, माकडहाडावर, जनावराला चालणाऱ्या रंगाचा पट्टा ओढायचा. रात्रीत दुसरी गाय उडाली की रंग पुसलेला किंवा फासलेला सापडतो. मुक्त गोठ्यात हा उपाय उत्तम चालतो आणि खर्च जवळजवळ काहीच नाही.

वेळेचा नियम जुनाच आहे: माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रेतन करणाऱ्याकडे नायट्रोजनचं कंटेनर, थर्मामीटर आणि कोमट पाणी आहे का ते पाहा. कांडी 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते. शर्टाच्या खिशात किंवा तळहातावर गरम केलेल्या कांडीला गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली, तर दोष गाईचा नसतो.

आता सेक्स सॉर्टेड सीमेनबद्दल, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्याच्या कांडीबद्दल, कारण प्रश्न सगळ्यात जास्त त्याचेच येतात. मादी वासराचा गुणसूत्र असलेल्या शुक्रजंतूत नराच्या शुक्रजंतूपेक्षा सुमारे 4 टक्के जास्त डीएनए असतो. रंग देऊन लेझरसमोरून एकेक शुक्रजंतू नेला की हा फरक यंत्राला दिसतो आणि मादीवाले वेगळे काढता येतात. जन्मलेल्या दहा वासरांत साधारण नऊ कालवडी मिळतात. हे तंत्र वर्षानुवर्षं परदेशी कंपन्यांच्या हातात असल्याने कांडी महाग होती. 5 ऑक्टोबर 2024 ला आपल्याच वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते या तंत्राची देशी आवृत्ती जाहीर झाली, आणि कांडीचा दर खाली यायचा रस्ता उघडला.

पण एक मर्यादा नीट समजून घ्या. साध्या कांडीत सुमारे 2 कोटी शुक्रजंतू असतात, या कांडीत त्याचा दहावा हिस्सा किंवा थोडे जास्त. त्यामुळे गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी पडतं. म्हणून ती पहिल्यांदा भरवायच्या निरोगी कालवडींना आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या, नियमित माजावर येणाऱ्या गाईंनाच वापरा, आणि भरवायची वेळ नेहमीपेक्षा थोडी उशिराची धरा. दोन-तीनदा उलटलेल्या गाईला ही कांडी देणं म्हणजे पैसे आणि 21 दिवस, दोन्ही घालवणं. त्या गाईला आधी डॉक्टर हवा.

भरवल्यावर गाय परत माजावर आली नाही म्हणून गाभण धरू नका. डॉक्टरांकडे सोनोग्राफी असेल तर 30 दिवसांच्या पुढे, हाताने असेल तर 60 दिवसांच्या पुढे तपासून घ्या. तपासणीची फी वाचवण्यात काही अर्थ नाही.

तिसरी पायरी: मुरघास

वर्षभर एकसारखी वैरण मिळाली तर दूध, फॅट आणि माज तिन्ही जागेवर राहतात. उन्हाळ्यात उसाच्या वाढ्यावर काढलेली गाय पावसाळ्यात वेळेवर माजावर येईल ही अपेक्षाच चुकीची. बॅगेतला मुरघास आल्यापासून लहान शेतकऱ्यालाही हे जमू लागलं आहे, कारण खड्डा खणायला, बांधायला लागत नाही.

आधी किती लागेल ते काढा. गाईला रोज 20 किलो धरला तर दहा गाईंना वर्षाला 73 टन. सगळं वर्ष मुरघासावर काढायचं नसेल तर जानेवारी ते जून एवढ्याची तरतूद करा, म्हणजे साधारण 36 टन. एकरी 15 ते 20 टन हिरवा मका धरून पेरणीचं क्षेत्र ठरवा.

कापणीची वेळ यात सगळ्यात महत्त्वाची. कणीस मोडून दाण्याकडे बघा: दाण्यावरची दुधाची रेषा अर्ध्यावर आली की कापायचं. अंदाज नसेल तर कुट्टी मुठीत घट्ट दाबा. पाणी ठिबकलं तर मका कोवळा आहे. मूठ सोडताच गोळा लगेच विस्कटला तर जास्त वाळला. गोळा हळूहळू उमलला आणि हात नुसता ओलसर झाला तर बरोबर. कोवळा कापला तर पाणी गळतं आणि आंबट घाण वास येतो, वाळलेला कापला तर दाबला जात नाही आणि बुरशी धरते.

कुट्टी पाऊण इंचाच्या आसपास. थराथराने भरा, प्रत्येक थर तुडवा, कोपरे विसरू नका, आणि सुरू केलेली बॅग त्याच दिवशी बंद करा. आत हवा राहिली की सगळं बिघडलं. हत्ती गवत किंवा नेपिअरचा मुरघास करत असाल तर त्यात साखर कमी असते, म्हणून गुळाचं पाणी किंवा मळी 2 ते 3 टक्के शिंपडा. मक्याला त्याची गरज नाही. 45 दिवसांनी उघडा. पिवळसर हिरवा रंग, आंबूस-गोड वास म्हणजे जमला. पांढरी किंवा काळी बुरशी दिसली तर तेवढा भाग उकिरड्यावर टाका, ‘थोडी आहे, चालतंय’ असं म्हणून गाभण गाईपुढे मुळीच टाकू नका. उंदरांनी बॅगेला पाडलेली भोकं दर आठवड्याला बघून चिकटपट्टीने बुजवा.

गाईला पहिल्या दिवसापासून 20 किलो घालू नका. चार-पाच किलोंपासून सुरू करून आठ-दहा दिवसांत वाढवत न्या, आणि बरोबर कडबा किंवा वाळलेली वैरण असू द्या. तिच्याशिवाय रवंथ कमी होतो आणि फॅट घसरते.

खुराक ठरवायला गाईचं वजन हवं, आणि त्याला काटा लागत नाही. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजा, खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. घेर 70, लांबी 60 असेल तर 445 किलो. दुभत्या गाईला वजनाच्या साधारण 3 ते 3.5 टक्के कोरडा चारा-खुराक लागतो. हा आकडा आणि वहीतलं दूध घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर पेंडेची मात्रा नेमकी ठरवून मिळते; शेजाऱ्याच्या गाईला काय घालतात हे विचारायची गरज उरत नाही.

चौथी पायरी: मिल्किंग मशीन

सात-आठ दुभत्या गाई झाल्या की बकेटचं मशीन घ्यायला हरकत नाही. मुख्य फायदा हातांना आणि कमरेला, आणि तो लहान नाही. धार काढून बोटांचे सांधे गेलेल्या बाया प्रत्येक गावात आहेत; घरातल्या ज्या माणसाच्या अंगावर दोन वेळची धार आहे, त्याला विचारून मशीन निवडा.

मशीनने कास बिघडते असं म्हणतात. बिघडते ती चुकीच्या वापराने. दाबाचं मीटर 13 ते 15 इंच, म्हणजे 44 ते 50 किलोपास्कल दाखवतं का, आणि पल्सेटरचे (कपातली ओढ चालू-बंद करणाऱ्या भागाचे) ठोके मिनिटाला 60 च्या आसपास पडतात का, हे आठवड्याला बघा. मीटर नसलेलं मशीन घेऊच नका.

धारेचा क्रम असा ठेवा. पहिल्या तीन-चार पिळ्या काळ्या तळाच्या कपात काढून गुठळ्या बघायच्या. सड धुऊन प्रत्येक गाईला वेगळ्या फडक्याने कोरडे करायचे. एकच ओलं फडकं सगळ्या कासांवरून फिरवणं हा कासदाह पसरवायचा खात्रीचा मार्ग आहे. धुतल्यापासून मिनिट-दीड मिनिटात गाय पान्हा सोडते, तेव्हाच कप लावायचे. दूध थांबलं की आधी व्हॅक्यूम बंद, मग कप काढायचे. ओढून काढायचे नाहीत. लगेच सड पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि गव्हाणीत वैरण टाकायची. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ गाय उभी राहिली पाहिजे.

सडावर बसणाऱ्या कपातल्या रबराच्या लायनरकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. एक लायनर सुमारे 2,500 धारांपर्यंत चालतो. एका क्लस्टरवर (चार कपांच्या संचावर) दहा गाई, दोन वेळा, म्हणजे दिवसाला 20 धारा. 125 दिवस झाले की लायनर संपला, दिसायला धडधाकट असला तरी. वर्षभर तोच वापरला की आतून भेगा पडतात, भेगांत जंतू बसतात. बसवल्याची तारीख मशीनवर खडूने लिहा. धुताना आधी कोमट पाणी, मग गरम पाण्यात अल्कली, शेवटी स्वच्छ पाणी. आठवड्यातून एकदा ॲसिडचं द्रावण. भारनियमनाच्या वेळा बघून इन्व्हर्टर किंवा जनरेटरची सोय आधीच करा. मशीनची सवय लागलेली गाय ऐनवेळी हाताला पान्हा सोडत नाही.

महिन्यातून एकदा प्रत्येक सडाची छुप्या कासदाहाची चाचणी करा. या चाचणीचं, म्हणजे सीएमटीचं, द्रावण औषधाच्या दुकानात मिळतं. ते नसेल तर कपडे धुण्याच्या पावडरचं 3 टक्के द्रावण आणि तेवढंच दूध एकत्र हलवा. शेंबडासारखं घट्ट झालं तर त्या सडात गडबड आहे. चाचणी झाली की ते दूध फेकून द्या. औषध कोणतं द्यायचं हे मात्र डॉक्टर ठरवतील, आणि प्रतिजैविक चालू असताना ते सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नका. ते कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जातं.

पाचवी पायरी: डेअरीवरचं यंत्र समजून घेणं

हे यंत्र तुमचं नाही, पण तुमचा पगार त्यावर ठरतो. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) या पायावर बांधलेला असतो. अल्ट्रासॉनिक ॲनालायझर दुधातून ध्वनिलहरी सोडून फॅट आणि एसएनएफ काढतो. दुधात फेस किंवा हवेचे बुडबुडे असले, नमुना नीट न ढवळता घेतला, किंवा यंत्र धुतलेलं नसलं, तर आकडा चुकतो. नमुना घेण्याआधी कॅन ढवळायला सांगा. काटा 100 ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो की 10 ग्रॅमच्या, तेही बघा; रोज दोन वेळा टप्प्याखालचं दूध सुटत गेलं की वर्षाला ते मोजण्याइतकं होतं. काट्यावर वैधमापन विभागाची चालू पडताळणी असली पाहिजे. घरी स्वतःचा छोटा काटा ठेवा आणि पावत्या वहीत लावा.

फॅट अचानक घसरली तर वाळलेली वैरण कमी पडते का बघा. एसएनएफ घसरलं तर खुराक, उष्णता किंवा कासदाह.

सहावी पायरी: उन्हाळा

तापमान आणि आर्द्रता मिळून जो निर्देशांक काढतात, तो 72 च्या वर गेला की संकरित गाईला ताण सुरू होतो. 25 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेलाच तो 72 ला टेकतो. 32 अंश आणि 60 टक्क्यांना 82 च्या पुढे जातो. म्हणजे आपल्याला उन्हाळा वाटायच्या कितीतरी आधी गाय धापा टाकू लागलेली असते. तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ गोठ्यात टांगा.

सोलापूर, मराठवाडा, विदर्भाच्या कोरड्या हवेत फॉगर चांगला चालतो. कोकणात किंवा पावसाळी दमट हवेत तो उलटा त्रास देतो. तिथे मोठ्या थेंबांचा स्प्रिंकलर आणि पंखा लागतो. मिनिट-दोन मिनिटं गाईची पाठ भिजवायची, मग दहा-पंधरा मिनिटं पंखा, पुन्हा पाणी. टायमर लावला की माणूस अडकत नाही. कासेवरून पाणी ओघळेल एवढं भिजवू नका. आणि हे सगळं सावली आणि चोवीस तास गार पाणी यांच्या नंतर.

सातवी पायरी: पट्टे आणि सेन्सर

गळ्यातला पट्टा मानेच्या हालचाली आणि रवंथाचा वेळ मोजतो, पायातला पट्टा पावलं मोजतो. माजात हालचाल वाढते, रवंथ घटतो, आणि मोबाईलवर सूचना येते. रवंथ एकाएकी घटला तर गाय आजारी पडणार हे डोळ्यांना दिसायच्या आधी कळतं, आणि नुकत्या व्यालेल्या गाईच्या बाबतीत ही गोष्ट फार मोलाची आहे. तंत्र खरं आहे, इस्रायलमध्ये आणि युरोपात ते मुरलेलं आहे. धार काढणारा रोबो 1992 मध्ये नेदरलँड्समध्ये पहिल्यांदा शेतकऱ्याच्या गोठ्यात बसला, तिथे माणूस महाग म्हणून; एक रोबो साठेक गाई सांभाळतो. आपल्या दहा गाईंना रोबो नको, आणि घरात डोळस माणूस दिवसभर असेल तर पट्टाही नको. पंचवीसच्या पुढे गाई गेल्या, किंवा घरची माणसं नोकरीला जातात आणि गोठा गड्यावर आहे, तर मात्र पट्टा विचारात घ्या.

घेण्याआधी विक्रेत्याला एवढं विचारा. बॅटरी किती वर्षं चालते आणि बदलता येते का? दरमहा वेगळे पैसे लागतात का, आणि ते भरले नाहीत तर जुनी माहिती हाताशी राहते का? गोठ्यावर मोबाईलला रेंज नसेल तर चालतं का? सूचना मराठीत येतात का? पट्टा बिघडला तर तालुक्यात दुरुस्तीला माणूस कोण? म्हशीवर चाचणी झाली आहे का? आणि वर्षभर वापरणाऱ्या तीन शेतकऱ्यांचे पत्ते मागा. त्यांच्या गोठ्यावर जाऊन वही बघा: पट्टा लावण्याआधी व्याल्यापासून गाभण राहीपर्यंत किती दिवस जात होते, आणि आता किती जातात.